बांगडा आणि बर्फाची लादी

हर्णैच्या पुळणीवर लिलाव भरला की सगळ्यांचे डोळे म्हावऱ्यावर असतात. माझं लक्ष आधी बर्फाकडे जातं. पाटीत बर्फ थराथराने घातलाय की नुसता वर भुरभुरलाय, यावरून बांगड्याचं पुढे काय होणार ते बरंचसं कळतं.

मासळी टिकवायची म्हटली की पावसाळी बंदी आठवते. 1 जून ते 31 जुलै, विणीच्या दिवसांत 61 दिवस यांत्रिक होड्या बंद. ती हवीच. पण एरवी डिझेल जाळून, रात्री जागवून आणलेला मासा वाटेत नासला, तर समुद्रातूनही गेला आणि कुणाच्या ताटातही आला नाही. मला हे नुकसान जास्त बोचतं, कारण ते टाळता येतं.

बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि पोटातले जिवाणू मांसात शिरतात आणि उष्म्यात या हिस्टिडिनचं हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करू लागतात. मग कालवण कितीही उकळा, जिवाणू मरतील, हिस्टामिन तसंच राहील. चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात. आपण म्हणतो, बांगडा बाधला.

यावर बर्फासारखा उपाय नाही. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्या उष्णतेने किलोभर गार पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापेल! म्हणजे 30 अंशांवरचे तीन किलो बांगडे शून्याजवळ आणायला हिशोबाने एक किलो बर्फ पुरे. पण वरून ऊन, बाजूने दमट वारा. म्हणून आपल्याकडे माशाच्या वजनाइतका बर्फ घालावा लागतो. लादीचे मोठे तुकडे माशाला जेमतेम टेकतात, मधे हवा राहते. बारीक फोडलेला बर्फ चहूबाजूंनी भिडतो, वितळलेलं पाणी माशावरून वाहत बुळबुळीत थर आणि जिवाणू धुऊन नेतं. त्या पाण्याला वाट मात्र हवी. तळाला भोक नसलेल्या खोक्यात मासे त्याच घाण पाण्यात पडून राहतात.

होडी, लिलाव, मुंबईचा ट्रक, बाजार. यात एका ठिकाणी जरी बर्फ आटला, तरी पुढे कितीही घातला तरी गेलेला ताजेपणा परत येत नाही.

शेवटचा टप्पा आपला. बाजारात जाताना मी झाकणाचा डबा नेते. कल्ले लाल बघून बांगडे घेते आणि म्हणते, "मावशी, वर मूठभर बर्फ टाका." घरी पोचेपर्यंत तो पुरतो.