स्विचर, एलईडी वॉल अन् साउंड जोडायच्या आधी हे वाचा (सेट भाड्यानं नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

लग्न असो, भागवत सप्ताह असो, शंकरपट असो नाही तं दिवाळीनंतरची झाडीपट्टीची नाटकं, आता सगळीकडे दोन-तीन कॅमेरे अन् एलईडी वॉल लागतेच, आणि सेट न्यायला आलेला माणूस पहिले कॅमेऱ्याचंच विचारते. कॅमेरा कोणताही चालते जी. प्रोग्राम बिघडते तो वायरपाशी, आवाजापाशी नाही तं लाइटपाशी, म्हणून हे माहितीपत्रक त्याच गोष्टींवर जास्त आहे.

कोणता स्विचर न्यावा

स्विचर म्हणजे सगळे कॅमेरे जोडून कोणतं चित्र दाखवायचं ते बटनावर निवडायचा डबा. आमच्याकडे ब्लॅकमॅजिक कंपनीचे दोन आहेत, एटेम मिनी प्रो आणि एटेम मिनी एक्स्ट्रीम. प्रोला चार एचडीएमआय इनपुट पण आउट एकच. फक्त रेकॉर्डिंग नाही तं यूट्यूब लाइव्ह करायचं असेल तर तो मस्त, त्या एका आउटवर मॉनिटर लावा, चारही कॅमेरे एका स्क्रीनवर दिसतात. पण वॉल लावायची असेल तर ते आउट वॉलला जाते अन् ऑपरेटर आंधळा होते, कोणता कॅमेरा काय दाखवून राहिला हे त्याला कळतच नाही. त्यात चुकून एम/व्ही (मल्टिव्ह्यू, सगळे कॅमेरे एकत्र दाखवणारं) चं बटन दाबलं तर चार डब्यांचं चित्र अख्ख्या मांडवाला दिसते. म्हणून वॉल असेल तर एक्स्ट्रीमच न्या, त्याला आठ इनपुट अन् दोन आउट आहेत, एक वॉलला, एक ऑपरेटरला. भाडं थोडं जास्त पडते पण उगाच तिथं वाचवू नका.

कॅमेरे

सगळे कॅमेरे एकाच सेटिंगवर ठेवा, 1080 पी आणि 25 नाही तं 50 फ्रेम. आपल्याकडची लाइट 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे कॅमेरा 30 किंवा 60 वर राहिला तं मांडवातल्या ट्यूबलाइट अन् झालरी लुकलुकतात. मेनूत एनटीएससी (30-60 फ्रेमवालं) असेल तर पाल (25-50 वालं) करा, शटर 50 किंवा 100 वर. स्विचर जो कॅमेरा पहिले सापडला त्याचंच फॉरमॅट धरते, म्हणून मेन कॅमेरा आधी जोडा. बाकीचे तो स्वतः बदलून घेते, पण चित्र झटके खात चालते. आणखी एक, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरची बॅटरी-आयएसओची माहिती एचडीएमआयमधून जाणं बंद केली का पाहा, नाही तं मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या कपाळावर बॅटरीचं चिन्ह दिसते. ऑटो पॉवर ऑफ पण बंद.

वायर

साधी एचडीएमआय दहा मीटरपर्यंत भरवशाची, पंधराला कधी चालते कधी नाही. त्याच्या पुढे ऑप्टिकल (आत काचेचा धागा असलेली) एचडीएमआय नाही तं एसडीआय (लांब अंतराची व्हिडिओ वायर). ऑप्टिकल वायरला उलटसुलट असते, एका टोकावर सोर्स लिहिलेलं, ते कॅमेऱ्याकडे नाही तं स्विचरच्या आउटकडे, दुसरं डिस्प्लेकडे. उलटी लावली तं काहीच दिसत नाही अन् माणूस स्विचर खराब समजून फोन करते. एचडीएमआयला लॉक नसते, पोट्ट्याचा पाय अडकला की सुटली, म्हणून टोकापाशी थोडी ढिली सोडून टेबलाच्या पायाला टाय मारा. पंगतीच्या वाटेवरून वायर नेऊच नका, बिछायतवाल्याला सांगून वरून बांबूवरून घ्या.

एलईडी वॉल

पी 3.91 च्या (दोन ठिपक्यांत 3.91 मिलिमीटर अंतर) अर्ध्या मीटरच्या एका पॅनलमध्ये 128 बाय 128 ठिपके असतात. म्हणजे तीन मीटर बाय दोन मीटरची वॉल फक्त 768 बाय 512 ची होते, त्यावर बारीक अक्षरातली पत्रिका वाचताच येत नाही, अक्षर मोठंच ठेवा. दुसरं म्हणजे तिचा आकार टीव्हीसारखा लांबट नाही, त्यामुळे वॉलवाल्यानं चित्र ताणून भरलं की नवरदेव काकडीवानी लांब दिसते. आडवे सात आणि उभे चार पॅनल लावायला सांगा, साडेतीन बाय दोन मीटर, हा आकार जवळपास बरोबर बसते. कमी पॅनल असतील तर वर-खाली काळी पट्टी राहू द्या पण ताणू नका.

आवाज (हे नीट वाचा)

साउंडवाल्याकडून ऑक्स आउट (मिक्सरमधून वेगळा निघणारा आवाज) मागा, आणि ते प्री-फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीच्या आधीचं. प्री असलं की तो मांडवातला आवाज कमी-जास्त करत राहिला तरी तुमचं रेकॉर्डिंग हलत नाही. लॅपटॉपवरच्या स्विचरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो इनपुट लाइनवर करा, माइकवर राहिला तर आवाज फाटते. मिक्सरच्या एक्सएलआरमधून (तीन पिनांचा मोठा सॉकेट) साधं कन्व्हर्टर लावून स्विचरच्या बारीक पिनेत आवाज घेतला तर डावा अन् उजवा एकमेकांच्या उलट येतात, हेडफोनवर फक्त थोडा विचित्र वाटते पण मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही मिळून एकमेकांना खाऊन टाकतात आणि कीर्तनकार नुसते ओठ हलवताना दिसतात. म्हणून आमच्या डब्यातली ट्रान्सफॉर्मरवाली वायरच वापरा, तिनं ही भानगड पण मिटते आणि घूंऽऽ आवाज पण जाते. टेस्टिंग हेडफोनवर करू नका, एकदा मोबाइलवर ऐका.

कॅमेऱ्यांचे माइक स्विचरवर बंद करा, नाही तं एकच शब्द दोनदा ऐकू येते. टाळ-मृदंग अन् लोकांचा आवाज हवा असेल तं एकच कॅमेरा अगदी हळू चालू ठेवा. मंग समोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा, टाळी आधी ऐकू आली अन् हात मागून जुळले तर आवाजाला दोन-तीन फ्रेमचा डिले द्या. वॉलवरच्या चित्राला मात्र थोडा उशीर राहणारच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जाते, म्हणजे स्टेजपासून 34 मीटरवर बसलेल्याला तो तसाही सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचते, तिथं वॉल बरोबर जुळलेली वाटते. पुढच्या लाइनीतले लोकं तं स्टेजकडेच पाहतात.

लाइट

स्विचर, वॉल आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर असले अन् अर्थिंग कच्चं असलं की एचडीएमआयचं पोर्ट जळते, आमच्याकडे रिपेअरला येणारे बरेचसे स्विचर असेच. स्विचर अन् मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, वॉलला ऑप्टिकल वायर न्या, तांब्याची नाही. जनरेटरवर बदली करताना लाइट जातेच, म्हणून स्विचरला छोटा यूपीएस लावा. आणि सगळं सेटिंग झालं की सॉफ्टवेअरच्या फाइल मेनूत जाऊन सेव्ह स्टार्टअप स्टेट करा. हे केलं नाही तर लाइट जाऊन आल्यावर स्विचर कोरा चालू होते, लाइनचं पुन्हा माइक, आणि ऐन वरमालेच्या वेळी आवाज फाटलेला.

रेकॉर्डिंग साध्या पेनड्राइव्हवर नको, एसएसडीवर करा, कॉम्प्युटरवर एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून. आधी स्टॉप दाबा मंगच काढा. लाइव्ह करायचं असेल तर गावातलं नेट आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागेवर तपासा, डाउनलोड नाही, अपलोड पाहा. पाच-सहा एमबीपीएस पक्कं मिळत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये लाइव्हची क्वालिटी कमी करा.

मे महिन्यात स्विचर उन्हात अन् बंद पेटीत ठेवू नका, तो तसाच बराच तापते. हिवाळ्यात रात्रभर नाटक असलं की दव पडते, जॉइंटवर प्लास्टिक बांधा.

सेट नेताना अॅडॉप्टर, वायरी आणि ट्रान्सफॉर्मरवाला डबा आमच्यासमोर मोजून घ्या, परत करताना पण तसंच. वायर हाताच्या कोपराला गुंडाळून देऊ नका, मोकळे वेढे करा, ऑप्टिकल वायर आत मोडली तर तिचे पैसे वेगळे लागतात.