लेहच्या धावपट्टीवर सगळीच विमानं जड होतात

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी दरवर्षी एक हवाई युद्ध होतं. भाचा रशियाच्या सुखोई-५७ च्या बाजूने, मामा राफेलच्या, आणि मधेच कोणीतरी "सरळ एफ-३५ घ्या की!" म्हणत चकली मोडतं. वेग किती, क्षेपणास्त्र किती लांब जातं, रडारवर दिसतं का, यावर तासभर घमासान. लेहचं नाव मात्र कोणी काढत नाही.

भारताने २००७ साली १२६ लढाऊ विमानांसाठी निविदा काढली, तेव्हा सहा विमानं रिंगणात होती: अमेरिकेची एफ-१६ आणि एफ-१८, रशियाचं मिग-३५, स्वीडनचं ग्रिपेन, फ्रान्सचं राफेल आणि चार युरोपीय देशांनी मिळून बनवलेलं टायफून. कागदावर सगळीच भारी. म्हणून हवाई दलाने तीन ठिकाणी त्यांची परीक्षा घेतली: बंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचं ऊन आणि लेहची उंची.

त्यातलं लेह घ्या. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,२५० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या हवेच्या ७२ टक्केच दाट असते, उन्हाळ्याच्या दुपारी त्याहून विरळ. त्याच पंखाला मिळणारी उचल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग (वेग गुणिले वेग). घनता घटली की वेग वाढवावा लागतो. तेवढंच वजन घेऊन लेहहून उडायचं तर मुंबईपेक्षा साधारण १८ टक्के जास्त वेग हवा, म्हणजे जवळपास ३८ टक्के जास्त ऊर्जा. आणि ती देणारं इंजिन? तेही हवाच खातं. हवा विरळ, तसा त्याचा जोरही ढोबळमानाने त्याच प्रमाणात कमी. एकीकडे मागणी वाढली, दुसरीकडे पुरवठा आटला. हिशेब केला तर धावपट्टीवरची धाव जवळजवळ दुप्पट होते.

धावपट्टी तर लांबत नाही. मग एकच उपाय उरतो: ओझं कमी करा. राफेल साडेनऊ टन बाह्य भार नेतं, हे माहितीपत्रकातलं वाक्य खरंच आहे, पण ते समुद्रसपाटीचं. लेहला त्यातला किती भार सोडून द्यावा लागेल, हा खरा प्रश्न. (लेहची प्रवासी विमानंही शक्यतो सकाळीच येऊन जातात, त्यामागे दुपारच्या वाऱ्यांबरोबर हेही एक कारण आहे.)

दुसरी अडचण आणखी साधी. विमान लेहला उतरलं, इंजिन बंद केलं. आता पुन्हा सुरू होईल का? हवा विरळ, थंडीने तेल घट्ट झालेलं, बॅटरी मंदावलेली. इंजिन पेट घेण्याआधी त्याला ठरावीक वेगाने फिरवावं लागतं. तो वेग गाठलाच नाही तर हवेत ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाणारं यंत्र जमिनीवर नुसतं उभं. हिवाळ्यात सकाळी ज्याने स्कूटरला वीस किका मारल्यात, त्याला हे वेगळं सांगायला नको.

जैसलमेरची परीक्षा उलटी. आधुनिक रडारमध्ये एक मोठी फिरती थाळी नसते, शेकडो छोटे प्रक्षेपक असतात आणि प्रत्येक जण तापतो. बाहेर ४५ अंश असताना ही उष्णता टाकायची कुठे? शीतकरण कमी पडलं तर रडार आंधळं.

या सगळ्यातून एप्रिल २०११ मध्ये दोनच विमानं उरली, राफेल आणि टायफून. पुढचा निकाल पैशावर लागला, पण नुसत्या खरेदीच्या किमतीवर नाही. विमान निवृत्त होईपर्यंत इंधन, सुटे भाग, दुरुस्ती यांवर किती खर्च होईल तेही मोजलं गेलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वात शहाणा निर्णय. कारण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालानुसार आपल्या सुखोई-३० च्या ताफ्यातली ५५ ते ६० टक्केच विमानं उडण्याजोगी होती. शंभर विमानं विकत घ्यायची आणि वापरायची साठ, असा हा व्यवहार.

जानेवारी २०१२ मध्ये राफेल जिंकलं. मग तीन वर्षं घोळ. १०८ विमानं भारतात बांधायची होती, त्यांना लागणारे मनुष्यतास किती आणि त्यांची हमी कोणाची, यावर घोडं अडलं. शेवटी २०१६ मध्ये थेट ३६ विमानांचा करार झाला. त्यात किमान ७५ टक्के विमानं सज्ज ठेवायची हमी फ्रेंच कंपनीकडून घेतली, आणि भारतासाठी खास म्हणून जे बदल मागितले त्यात उंचावरच्या थंडीत इंजिन सुरू होण्याची सोयही होती. जगातल्या उत्तम विमानांत गणलं जाणारं विमान घेऊनही लेहसाठी वेगळे पैसे मोजावे लागले.

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर त्यातलं एक पातं जवळून बघू. जेमतेम बोटाएवढं. राफेलच्या इंजिनात टर्बाइनपाशी येणारा वायू १,५७५ अंश सेल्सिअसच्या घरात असतो. पातं ज्या निकेल मिश्रधातूचं, तो त्याआधीच वितळायला हवा. वितळत नाही, कारण पात्याच्या पोटात बारीक वाटा आहेत. त्यांतून तुलनेने थंड हवा खेळते, पृष्ठभागावरच्या छिद्रांतून बाहेर येते आणि पात्यावर पातळ पांघरूण घालते. फिरताना त्याच पात्यावर काही टनांची ओढ असते. साध्या धातूत असंख्य बारीक स्फटिक एकमेकांना चिकटलेले असतात, त्यांच्यामध्ये सीमा असतात, तापल्यावर तो तिथूनच ताणला जातो आणि तुटतो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात, सीमाच ठेवत नाहीत. हे ओतकाम ज्यांना जमतं असे देश बोटांवर मोजण्याइतके, आणि ते ही विद्या सहजासहजी विकत नाहीत. आपल्या कावेरी इंजिनाचं काम १९८६ पासून सुरू आहे. हवा तेवढा जोर आला नाही, म्हणून २००८ मध्ये त्याची तेजस या स्वदेशी लढाऊ विमानापासून फारकत झाली.

फराळाच्या वादात मामांना मी गेल्या वर्षी एवढंच विचारलं, "इंजिन कोणाचं?" मामांचा दावा होता की आता वाद कशाला, नाशिकलाच विमानं होतात. खरंच होतात. ओझरच्या कारखान्यात आधी मिग, मग सुखोई झाली, आणि तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये आकाशात गेलं. २०२१ साली तेजसच्या ८३ विमानांची मागणी नोंदवली होती, आणि त्यांच्यासाठी ९९ इंजिनांची. त्यातलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं, अमेरिकेहून.

मामा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बरं, शंकरपाळे दे इकडे."