के-६७ (किऑस्क)

के-६७ : रस्ते, चौक, बसथांबे अशा सार्वजनिक जागी उभारण्यासाठी तयार केलेली, कारखान्यात बनवलेल्या घटकांची जुळणी करून लहानमोठी करता येणारी फायबरग्लासची टपरी. स्लोव्हेनियन वास्तुविशारद साशा यानेझ मेख्तिग (जन्म १९४१) यांनी पंचविशीत असताना, १९६६ मध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे तिचा आराखडा केला. १९६७ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढच्या वर्षी ल्युतोमेर येथील इमग्राद कारखान्यात उत्पादन सुरू झाले. १९९९ पर्यंत सुमारे ७,५०० नग तयार झाले. शहरातील छोट्या बांधकामाचा विचार एकेका वास्तूऐवजी जुळणीच्या पद्धतीच्या अंगाने करणाऱ्या रचनांमध्ये के-६७ चे स्थान फार वरचे आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियातील शहरे झपाट्याने वाढली. समाजवादी व्यवस्थेत राहूनही १९६५ च्या आर्थिक सुधारणांनी बाजारव्यवहाराला बरीच मोकळीक दिली. वर्तमानपत्रे, सिगारेट, फुले, खाण्याचे पदार्थ विकायला रस्त्यावर जागा हवी होती आणि प्रत्येक कोपऱ्यावर वेगळे बांधकाम करणे कोणत्याच शहराला परवडणारे नव्हते. ल्युब्लियानात अशा लहान कामांकडे गंभीरपणे पाहण्याची परंपरा होती. वास्तुविशारद योझे प्लेचनिक यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथील पूल, बाजार आणि नदीकाठ घडवताना दिव्याचा खांब आणि कठडाही तितक्याच आस्थेने रेखाटला होता. त्यांचे शिष्य एडवर्ड रावनिकार आणि रावनिकारांचे विद्यार्थी मेख्तिग. गुरूंनी दगड आणि काँक्रीट वापरले, मेख्तिग यांनी काचतंतूंनी बळकट केलेले पॉलिएस्टर, म्हणजेच फायबरग्लास, निवडले. फिनलंडमध्ये माट्टी सुरोनेन यांचे ‘फुतुरो’ हे प्लॅस्टिकचे गोलसर घर याच काळातले, १९६८ चे. पण ते सुटीत राहायचे स्वतंत्र घर होते, तर के-६७ पहिल्यापासून रस्त्यासाठी आणि शेजारी दुसरा नग जोडला जाईल हे धरूनच आखलेला होता.

रचना : दोन चौकोनी नळ्या एकमेकींना काटकोनात छेदतात, त्या छेदात जो आकार उरतो तो के-६७ चा मूळ घटक. त्याला चारही बाजूंनी मोठी उघडी तोंडे असतात आणि सर्व कोपरे गोलाकार असतात. ही गोलाई केवळ शोभेची नाही. फायबरग्लासची पातळ भिंत सपाट ठेवली तर वाकते, वळवली की ताठ होते. शिवाय गोल कोपऱ्याचा भाग साच्यातून सहज सुटतो. चार तोंडांपैकी कोठे दार, कोठे विक्रीची खिडकी, कोठे बंद भिंत बसवायची हे घेणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या पिढीत, म्हणजे सुरुवातीच्या आवृत्तीत, पाच प्रकारचे मूलभूत घटक होते. एकाच्या तोंडाला दुसऱ्याचे तोंड लावले की दुकान लांबते, आणि बाजूलाही फाटे फुटू शकतात. मेख्तिग यांनी सांधा पक्का ठरवला आणि वापर मोकळा सोडला. या रचनेचे खरे मोल येथेच आहे.

पहिल्या पिढीत एक मोठी अडचण होती. मूळ घटकाचे कवच अखंड होते. ट्रकवर तो चढवला की बहुतेक जागा आतल्या पोकळीनेच व्यापली जाई आणि दूरच्या गावी पाठवणे महाग पडे. म्हणून १९७२ च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या पिढीत कवचाचे भाग सुटे करण्यात आले. ते एकत्र रचून पाठवता येत, जागेवर जोडता येत आणि एखादा भाग फुटला तर तेवढाच बदलता येई. पहिल्या पिढीचे आखीव, एकसंध रूप छायाचित्रांत अधिक मोहक दिसते. परंतु बदलत्या गरजांना पुरे पडण्याच्या कसोटीवर दुसरी पिढीच सरस ठरते.

वापर : वृत्तपत्रविक्री, फुलांचे दुकान, झटपट खाद्यपदार्थ, लॉटरी, वाहनतळाची चौकी, स्कीच्या पाळण्यांची तिकीट खिडकी, सीमेवरील तपासणी नाका अशा अनेक कामांना के-६७ लागला. मधमाशा पाळण्यासाठीही तो वापरला गेल्याची उदाहरणे आहेत. युगोस्लाव्हियाबाहेर पोलंड, सोव्हिएट संघ, जपान, न्यूझीलंड अशा देशांत तो निर्यात झाला. तांबडा नग सर्वाधिक ओळखीचा असला तरी पिवळा, हिरवा, पांढरा असे इतर रंगही होते.

मूळ कल्पनेत अनेक घटकांच्या साखळ्या आणि समूह होते. प्रत्यक्षात रस्त्यावर बहुधा एकेकटे नगच उभे राहिले. विक्रेत्यांनी त्यांना ताडपत्रीचे छप्पर, फळ्या, पाट्या, पुढे वातानुकूलन यंत्रेही जोडली. आकाराची शुद्धता बिघडली म्हणून याबद्दल हळहळणारे अभ्यासक आहेत. ती हळहळ पटत नाही. विक्रेत्याला स्वतःच्या हाताने भर घालता यावी इतकी जागा या रचनेने ठेवली होती आणि तिचा उपयोग झाला.

दखल व उत्तरकाल : १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने के-६७ ला आपल्या संग्रहात स्थान दिले. त्याच संग्रहालयाने २०१८ मध्ये युगोस्लाव्हियातील वास्तुकलेवर भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनातही तो मांडला होता. मेख्तिग यांनी बसथांबे, दूरध्वनी कक्ष, कचरापेट्या अशा रस्त्यावरील इतर वस्तूही आखल्या आणि ल्युब्लियानाच्या ललितकला अकादमीत अभिकल्पाचे (डिझाइनचे) शिक्षण उभे करण्यात वाटा उचलला.

१९९१ नंतर युगोस्लाव्हिया फुटला, एकसंध बाजारपेठ गेली आणि अनेक शहरांनी हे किऑस्क हटवले. सामग्रीचेही प्रश्न होते. पॉलिएस्टर उन्हाने फिकटते, आगीत टिकत नाही आणि एकदा घट्ट झाल्यावर वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे मोडीत काढलेले नग शेतात वा आडजागी पडून राहिले. मात्र हीच सामग्री दुरुस्तीला सोपी आहे : तडा गेलेल्या जागी काचतंतूंचे कापड आणि राळ लावून, घासून, वरून रंग दिला की कवच पुन्हा कामाला येते. अलीकडे असे पडून राहिलेले नग शोधून, दुरुस्त करून कॉफीची दुकाने आणि छोटी कलादालने म्हणून पुन्हा उभे केले जात आहेत. अजूनही पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील शहरांत काही जुने के-६७ मूळ कामासाठीच वापरात आहेत.