शंभर सायकलच्या पुढं काय होतं?

परवा लॅबमधली एक पीएचडीची मुलगी ग्राफ घेऊन आली आणि टेबलापाशी गप्प उभीच राहिली. सोडियम-आयन बॅटरीचा सेल, शंभर सायकलपर्यंत (एक सायकल म्हणजे एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) क्षमतेची रेष अगदी आडवी, एकशेचाळीसच्या आसपास मात्र जी घसरली ती थेट तळाला. "मॅडम, शंभरपर्यंतचाच टाकू का पेपरमध्ये?" मला तिचा राग नाही आला, फेलोशिप संपत आलीय तिची, आणि जिथं पेपर मोजून माणसाची किंमत ठरते तिथं हा प्रश्न पडणारच.

पण शंभर सायकल म्हणजे नेमकं किती हे एकदा समजून घ्या. दर सायकलला समजा 99.9 टक्के सोडियम परत येतं, ऐकायला केवढं भारी वाटतं! पण हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, फक्त उलटं. हजार सायकलनंतर उरतात जेमतेम 37 टक्के. तेच 99.99 असेल तर 90 टक्के. म्हणजे सगळा खेळ तिसऱ्या-चौथ्या नऊचा, आणि तो शंभर सायकलमध्ये धड दिसतच नाही. एका तासात चार्ज आणि एका तासात डिस्चार्ज केलं तरी हजार सायकलला 2000 तास, म्हणजे जवळपास तीन महिने, तेही एकदाही लाईट न जाता.

त्यात हाफ सेलची भानगड वेगळीच. बहुतेक नवीन मटेरियल आधी सोडियम धातूच्या चकतीसमोर लावून तपासतात. ती चकती म्हणजे भरलेली विहीर, कितीही सोडियम वाया गेलं तरी ती भरून काढते, त्यामुळे आपलं मटेरियल गुणी वाटतं. खऱ्या बॅटरीत अशी विहीर नसते, कॅथोडमध्ये, म्हणजे पॉझिटिव्ह टोकाच्या मटेरियलमध्ये, जेवढं सोडियम असतं तेवढ्यावरच आयुष्यभर भागवायचं.

आम्ही उसाच्या चिपाडापासून ॲनोडसाठी, म्हणजे निगेटिव्ह टोकासाठी, हार्ड कार्बन बनवतो, आर्गॉन वायूमध्ये 1200-1300 अंशांवर भाजून. लिथियमच्या बॅटरीतलं ग्रॅफाइट सोडियमला नीट सामावून घेत नाही, म्हणून हा वेड्यावाकड्या थरांचा कोळसा लागतो. सोडियम मिठातही आहे, शिवाय त्याच्यासोबत ॲनोडला तांब्याऐवजी स्वस्तातली ॲल्युमिनियमची फॉइल चालते, म्हणून माझा या कामावर मनापासून जीव आहे. पण पहिल्याच चार्जला बरंचसं सोडियम कार्बनवर पातळ थर तयार होण्यात अडकून बसतं, ते परत येत नाही. पेपरमध्ये हा आकडा शोधायला जा, कित्येकदा तो सप्लिमेंटरीच्या, म्हणजे पेपरला जोडलेल्या वेगळ्या फाइलच्या, कोपऱ्यात सापडतो. मला हे खुपतं.

अशा वेळी मला लिथियम आयर्न फॉस्फेट या लिथियम बॅटरीच्या कॅथोड मटेरियलवरचा 1997 चा पेपर आठवतो, टेक्सासमध्ये अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी केलेला. या मटेरियलची थिअरीतली क्षमता ग्रॅममागं 170 मिलिअँपिअर-तास, त्यांना मिळाली 100-110, ती पण अगदी हळू चार्ज-डिस्चार्ज केल्यावर. त्यांनी ते झाकलं नाही, कमी पॉवरच्या बॅटरीसाठी हे उत्तम आहे असंच लिहिलं. अडचण उघड्यावर होती म्हणून बाकीचे लोक तिच्या मागं लागले, कण बारीक केले, त्यावर कार्बनचा लेप दिला, आणि आज तेच मटेरियल इलेक्ट्रिक बसमध्ये धावतंय. गुडइनफ तेव्हा पंचाहत्तरीला आले होते, नोबेल मिळालं 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी. आमच्याकडं प्रोजेक्ट मिळतो तीन वर्षांचा, त्यातलं पहिलं वर्ष ऑर्डर आणि कोटेशनमध्येच जातं!

मग त्या मुलीला म्हटलं, चल, सेल उघडून बघू. ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे हवाबंद पेटीच्या, जाड रबरी हातमोज्यांतून तो 20 मिलिमीटरचा बटणाएवढा सेल उघडायचा म्हणजे दस्ताने घालून सुईत दोरा ओवण्यासारखंच, दोनदा निसटला. उघडला तर सेपरेटर, म्हणजे दोन टोकांमधला पडदा, जो पांढरा आणि ओला असायला हवा, तो तपकिरी आणि कोरडा ठणठणीत. कार्बन होता तसाच, कुठं सुटलाही नव्हता. इलेक्ट्रोलाइटच, म्हणजे सोडियम इकडून तिकडं नेणारं द्रवच संपलं होतं, दर सायकलला थोडं थोडं खाल्लं जाऊन. ती पटकन म्हणाली, "म्हणजे माझं मटेरियल खराब नाहीये!" मटेरियल टिकलं होतं खरं, पण त्याच्यावरचा थर टिकत नव्हता, तो सारखा फुटून नव्यानं बनत होता आणि तोच इलेक्ट्रोलाइट खात होता. आता पेपरमध्ये एकशेचाळीसच्या पुढचा ग्राफ जाणारे, सेपरेटरच्या फोटोसकट. इलेक्ट्रोलाइटमध्ये नवीन ॲडिटिव्ह घालून आठ सेल तिनं काल रात्री टेस्टिंग मशीनच्या चॅनेलवर लावलेत.