केबलच्या हेडएंडमधील राखीव नियंत्रण यंत्रणा : पार्श्वभूमी

अ‍ॅनालॉग काळात हेडएंडमधली, म्हणजे वाहिन्या एकत्र करून जाळ्यात सोडणाऱ्या केंद्रातली, केबलची नियंत्रण यंत्रणा दुहेरी असावी की नाही, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र रिसीव्हर आणि तिला ठरावीक वारंवारितेवर चढवणारा मॉड्युलेटर असल्यामुळे एखादे उपकरण बिघडले तर तेवढीच वाहिनी बंद पडे, आणि हव्या त्या वारंवारितेवर लावता येणारा एखादा जादा मॉड्युलेटर कपाटात असला की काम भागे. ग्राहकावरचे नियंत्रण म्हणजे पैसे थकले की शिडी लावून वायर काढणे. १९९५ च्या केबल कायद्यानेही या स्थितीत विशेष फरक पडला नाही.

फरक पडला तो कॅसमुळे, म्हणजे पैसे भरलेल्यालाच वाहिनी दिसू देणाऱ्या सशर्त प्रवेश प्रणालीमुळे. कायद्यातील दुरुस्तीनंतर १ सप्टेंबर २००३ पासून चेन्नईत आणि, बरीच न्यायालयीन ओढाताण झाल्यावर, ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या ठरावीक भागांत सशुल्क वाहिन्या सेट टॉप बॉक्समधूनच दाखवणे बंधनकारक झाले. मात्र ही व्याप्ती मर्यादित होती. ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी महानगरांतले आणि ३१ मार्च २०१३ रोजी पुणे, नागपूर, नाशिक यांसह ३८ शहरांतले अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवण्याची मुदत आली, तेव्हा कोणता बॉक्स काय दाखवील हे हेडएंडमधला कॅस सर्व्हर आणि ग्राहकांचा हिशेब ठेवणारी एसएमएस (ग्राहक व्यवस्थापन) प्रणाली ठरवू लागली. आता एका यंत्राच्या बिघाडाने सगळे जाळे अडण्याची शक्यता निर्माण झाली.

सर्व उपकरणांना सारखेच राखीव बळ लागत नाही. वाहिनीचे चित्र डिजिटल स्वरूपात आणणारे एन्कोडर अनेक असतात. त्यांच्यामागे एखादा सामायिक जादा एन्कोडर पुरतो. वाहिन्या एका प्रवाहात गुंफणारा मल्टिप्लेक्सर आणि त्यांना कुलूप लावणारा स्क्रॅम्बलर यांतून मात्र एकाच वेळी अनेक वाहिन्या जातात, म्हणून तेथे एकास एक जोडी ठेवणे शहाणपणाचे ठरते. कॅसच्या दोन भागांचे वागणेही वेगळे आहे. चित्र उलगडण्याची किल्ली साधारण दर १० सेकंदांनी बदलते. ती पाठवणारा भाग बंद पडला आणि स्क्रॅम्बलरने जुनीच किल्ली चालू ठेवली नाही, तर काही क्षणांत पडदे काळे होतात आणि फोन खणखणू लागतात. ग्राहकाचे हक्क, म्हणजे त्याला कोणत्या वाहिन्या पाहता येतील याची परवानगी, पाठवणारा भाग बंद पडला, तर ज्यांचे हक्क बॉक्समध्ये शिल्लक आहेत त्यांना काहीच कळत नाही, फक्त नव्याने पैसे भरलेल्यांच्या वाहिन्या सुरू होत नाहीत. हा दुसरा बिघाड उशिरा लक्षात येतो, आणि म्हणून माझ्या मते तोच अधिक त्रासदायक असतो.

खरा वाद झाला तो राखीव सर्व्हरच्या नोंदींवरून. वरवर ही बाब तांत्रिक दिसते, पण तिच्या मुळाशी पैसा आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७ च्या नियमांनुसार वाहिनीचे महिन्याचे ग्राहक, ज्यांवरून चालकाने वाहिनीच्या कंपनीला द्यायचे पैसे ठरतात, ते मोजताना ७, १४, २१ आणि २८ तारखेला सायंकाळी ७ ते रात्री ११ या वेळेत घेतलेल्या नोंदींची सरासरी धरतात, आणि लेखापरीक्षणासाठी दोन वर्षांचे लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी, जपावे लागतात. हा आकडा कॅस आणि एसएमएसमधून निघतो. आता बॉक्स चालू करू शकणारा दुसरा सर्व्हर त्याच हेडएंडमध्ये असेल आणि त्याचे लॉग कोणी पाहत नसेल, तर काही ग्राहक मोजणीबाहेर चालवले जाण्याची शंका वाहिन्यांच्या कंपन्यांनी घेणे स्वाभाविक होते. उलट केबलचालकाच्या बाजूने पाहिले, तर अखंड सेवेसाठी खर्च करून उभारलेले यंत्रच संशयाचे कारण ठरत होते.

नियामकाने २०२१ मध्ये कॅस व एसएमएससाठी जे निकष आणले, त्यांत या पेचावर नेमके बोट ठेवलेले दिसते. मुख्य सर्व्हरवरील सर्व हालचालींचे लॉग राखीव सर्व्हरवर त्याच वेळी उतरले पाहिजेत. ग्राहकांची माहिती, बॉक्स व कार्डांचे तपशील आणि हक्कांची पातळी दोन्हीकडे कायम जुळलेली असली पाहिजे. आणि राखीव सर्व्हरने मुख्य म्हणून काम केले, त्या प्रत्येक प्रसंगाची तारीख-वेळेसह नोंद राहिली पाहिजे. सेवा किती वेळात पूर्ववत व्हावी यापेक्षा बदल कधी झाला याची साक्ष राहावी, यावर या तरतुदींचा भर आहे. हा भर लेखापरीक्षकाच्या सोयीचा आहे, आणि थकबाकी व ग्राहकसंख्येच्या तंट्यांचा इतिहास पाहता तो अनाठायी म्हणता येणार नाही. लहान चालकांवर मात्र दुसरा सर्व्हर आणि त्याचा परवाना यांचा भार पडतो. त्यामुळे दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच विजेच्या जोडणीवर बसवण्याची तडजोड मोहात पाडते. यंत्राचा बिघाड त्याने निभावतो. पाणी, आग किंवा वीजपुरवठ्यातला दोष निभावत नाही.

दोन्हीकडे माहिती सतत जुळती ठेवण्याच्या अटीची एक बाजू चर्चेत फारशी येत नाही. मुख्य सर्व्हरवर चुकीची आज्ञा गेली आणि हजारो बॉक्सचे हक्क पुसले गेले, तर तीच चूक तितक्याच तत्परतेने राखीव सर्व्हरवरही उतरते. अशा वेळी उपयोगी पडते ती आदल्या रात्री काढून जाळ्याबाहेर ठेवलेली विदासाठ्याची प्रत. ती परत चढवताना मधल्या काळात भरलेले पैसे आणि बदललेली पॅकेजेस एसएमएसमधून पुन्हा कॅसकडे पाठवावी लागतात, आणि हक्कांच्या आज्ञा रांगेने फिरत असल्याने मोठ्या जाळ्यात शेवटच्या बॉक्सपर्यंत त्या पोहोचायला वेळ लागतो.