हवेतले सेंद्रिय कण: मोजणी बदलली, तसे उगमही बदलले

हवेतल्या १ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांत सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या, पदार्थांचा वाटा ठिकाणानुसार २० ते ९० टक्के असतो. ते येतात कुठून, याचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलले. बहुतेक वेळा त्यामागे मोजण्याची नवी रीत होती.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुरके साचले, तेव्हा दोष कोळशाचा धूर आणि गंधक यांच्या माथी आला. सेंद्रिय भाग म्हणजे फिल्टरवरचे जे काही बेंझिनमध्ये विरघळेल ते, असा त्या काळचा ढोबळ हिशेब. लॉस एंजेलिसचे धुरके मात्र वेगळ्या जातीचे निघाले. हायड्रोकार्बन (इंधनासारखी कार्बन-हायड्रोजनची संयुगे) आणि नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले. अशाच प्रक्रियांत वाफांपासून कणही घडतात. त्यांना पुढे ‘दुय्यम’ म्हटले गेले. १९६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी जंगलांवरची निळसर धूसरता झाडांनी सोडलेल्या टर्पीनांशी, म्हणजे सुवासिक वाफांशी, जोडली.

१९९० च्या दशकात ग्लेन कास यांच्या गटाने उगमांची कसून छाननी केली. प्रत्येक उगमाचा धूर फिल्टरवर घ्यायचा, द्रावकात उतरवायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या तंत्राने) एकेक रेणू ओळखायचा. मांस भाजण्याची खूण कोलेस्टेरॉल, वंगणतेलाची खूण होपेन आणि स्टेरेन ही त्यातली संयुगे, लाकडाची खूण लेव्होग्लुकोसॅन. हे शेवटचे संयुग लाकडातले सेल्युलोज ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापून फुटले की बनते. पद्धत देखणी, पण तिला दोन मर्यादा होत्या. सेंद्रिय वस्तुमानाचा जेमतेम पाचवा हिस्सा नावानिशी ओळखता येई. शिवाय लेव्होग्लुकोसॅन हवेत टिकते असे धरले होते. प्रत्यक्षात ते हवेतल्या हायड्रॉक्सिल मूलकांशी (अतिक्रियाशील OH रेणूंशी) अभिक्रिया होऊन झिजते, म्हणून शिळ्या धुरात लाकडाचा वाटा कमी दिसतो.

एकूण कार्बन मोजण्यातही खाचा आहेत. क्वार्ट्झचा फिल्टर आधी भट्टीत भाजून घेतात, तरी तो हवेतल्या वाफा शोषतो आणि आकडा फुगतो. उलट, आधी बसलेले हलके पदार्थ उडून गेले तर तो घटतो. फिल्टरचा तुकडा प्रथम हेलियममध्ये पायरीपायरीने तापवतात, मग २ टक्के ऑक्सिजन सोडतात. पहिल्या टप्प्यात निघतो तो सेंद्रिय कार्बन, दुसऱ्यात जळते ती काजळी, असा हिशेब. पण पहिल्या टप्प्यात काही सेंद्रिय भाग करपून काजळीसारखा होतो. फिल्टर किती काळवंडला हे लेझरने पाहून तो वजा केला नाही, तर काजळी जास्त आणि सेंद्रिय कार्बन कमी भरतो. सेंद्रिय रेणूंत कार्बनखेरीज हायड्रोजन, ऑक्सिजनही असतात, म्हणून मिळालेल्या कार्बनला १.४ ने गुणून सेंद्रिय वस्तुमान काढण्याची रूढी होती. २००१ मध्ये टर्पिन आणि लिम यांनी शहरी कणांसाठी १.६, तर जुन्या, ऑक्सिडीकृत (ऑक्सिजन जोडला गेलेल्या) कणांसाठी २.१ सुचवला. निव्वळ या गुणकाने अहवालातले वस्तुमान दीडपट होऊ शकते.

मग फिल्टरच टाळणारा एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर (कणांतल्या रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणारे यंत्र) आला. तो कण सुमारे ६०० अंशांवर उडवून लगेच तुकडे मोजतो. वस्तुमान ५७ चा तुकडा हायड्रोकार्बनकडे, ४४ चा ऑक्सिडीकृत पदार्थाकडे, ६० चा लाकडाच्या धुराकडे बोट दाखवतो. कित्येक शहरांतही ऑक्सिडीकृत भागच मोठा निघाला. २००७ मध्ये रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी त्याचे एक कारण दाखवले: डिझेल व लाकडाचा धूर हवेत पातळ झाला की त्यातले बरेच ‘प्राथमिक’ (थेट उगमातून कण म्हणून निघालेले) कण वाफ होतात आणि ती वाफ ऑक्सिडीकृत होऊन पुन्हा कणांत उतरते. धुराड्याच्या तोंडाशी, दाट धुरात घेतलेली जुनी उत्सर्जन मापे त्यामुळे जशीच्या तशी वापरता येत नाहीत. नमुना किती पट पातळ केला होता, हे आधी पाहावे लागते.