कान देण्याचं कौशल्य आणि त्याची परीक्षा

गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलीला किंवा आशाताईला प्रशिक्षण देऊन नैराश्यावर समुपदेशन करू द्यावं का, हा वाद आता बराचसा मिटला आहे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की मानसिक आजार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. त्यांची वाट बघत बसलं तर पिढ्या जातील. खरा अवघड प्रश्न पुढचा आहे. खोलीचं दार लावून ही मुलगी समोरच्या बाईशी जे बोलते, ते नीट होतंय की नाही, हे कळणार कसं?

हा प्रश्न आजचा नाही. 1960च्या सुमाराला अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्गारेट रिओक यांनी आठ गृहिणी निवडल्या. साधारण चाळिशीच्या, मुलं हाताशी आलेल्या. दोन वर्षं त्यांना समुपदेशन शिकवलं. मग त्यांच्या मुलाखतींच्या टेप बाहेरच्या तज्ज्ञांना ऐकवून गुण द्यायला लावले. बोलणारी बाई कोण, किती शिकलेली, हे तज्ज्ञांना माहीत नव्हतं. आजही पद्धतीचा गाभा हाच आहे: पदवी बाजूला ठेवायची आणि फक्त संवाद ऐकायचा. संवाद टेप करण्याची वाट त्याआधी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी पाडली होती. 1942मध्ये त्यांनी एका रुग्णाचं संपूर्ण समुपदेशन शब्दन् शब्द छापलं. तोवर या खोलीत काय घडतं ते सांगणारा एकच साक्षीदार असे, उपचार करणारा स्वतः.

1979मध्ये जोसेफ डर्लाक यांनी तज्ज्ञ आणि तज्ज्ञ नसलेले यांची तुलना करणारे 42 अभ्यास एकत्र मांडले. तज्ज्ञ नसलेल्यांचे परिणाम तज्ज्ञांइतकेच, कधी अधिक चांगले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. त्यानंतर काम सरकलं ते गरीब देशांत. 2003मध्ये युगांडातल्या खेड्यांमधल्या गटचर्चा, 2008मध्ये रावळपिंडीजवळच्या ‘लेडी हेल्थ वर्कर’. या पाकिस्तानी बायकांनी घरोघर जाऊन काम केलं. सहा महिन्यांनी त्यांच्याकडच्या नैराश्यग्रस्त आयांपैकी 23 टक्के अजून आजारी होत्या, तुलनेच्या गटात 53 टक्के. या अभ्यासांनी परिणाम दाखवला. पण कोणती ताई काम उत्तम करत होती आणि कोणती केवळ वही भरत होती, हे या आकड्यांतून कळत नाही.

ते कळण्यासाठी गोव्याकडे वळावं लागतं. 1996मध्ये सुरू झालेल्या ‘संगात’ या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेले समुपदेशक बसवले. या कामाची ‘मानस’ नावाची आधीची चाचणी झाली. तिचा निकाल 2010मध्ये आला, तेव्हा सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत नाही. पुढे नैराश्यासाठी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ उभा राहिला, म्हणजे रुग्णाला मन रमेल अशा कामांत पुन्हा गुंतवणारं समुपदेशन. 2017च्या निकालात समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के बरे झाले, न मिळालेल्यांपैकी 39 टक्के.

मला त्याहून मोलाची वाटते ती त्यामागची घडण. समुपदेशक आधी रोल-प्लेमध्ये, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसासमोर, पारखले गेले. काम सुरू झाल्यावर सत्रांचं रेकॉर्डिंग व्हायचं. त्यातली काही निवडून समुपदेशक एकत्र बसून ऐकायचे आणि ठरलेल्या गुणपत्रिकेवर एकमेकांना गुण द्यायचे. आधी तज्ज्ञ सोबत असत, मग हळूहळू सूत्रं समुपदेशकांच्याच हाती आली. 2014मध्ये डेझी सिंगला आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञांचे आणि सहकाऱ्यांचे गुण ताडून पाहिले, तेव्हा हा कारभार सहकारी सांभाळू शकतात असं दिसलं. आपल्याकडे तपासणी म्हणजे वरून येणारा साहेब आणि त्याचा शेरा. इथे शेजारी बसलेली मैत्रीण सांगते, ‘तू तिचं बोलणं मध्येच तोडलंस.’

पण गोव्याची गुणपत्रिका त्या एका उपचारासाठी होती. प्रत्येक उपचाराला नवी फूटपट्टी करायची, तर पन्नास देशांत गोंधळ होणार. उपचार कोणताही असो, त्यात लागणारं समान कौशल्य मोजायचं, ही कल्पना नेपाळमधून आली. ब्रँडन कोर्ट आणि तिथल्या सहकाऱ्यांनी 2015मध्ये ‘एनॅक्ट’ ही 18 मुद्द्यांची यादी प्रसिद्ध केली: नजर आणि देहबोली, सहानुभूती, गुप्तता, जिवाला धोका आहे का याची विचारणा, घरच्यांना सोबत घेणं. नेपाळमध्ये ‘मन’ आणि ‘दिमाग’ यांत मोठं अंतर मानतात. मनाचं दुःख कुणालाही होतं, दिमाग बिघडला म्हणजे माणूस वेडा. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. ‘मनावर ओझं आहे’ आणि ‘डोकं फिरलंय’ यांतून आपणही दोन वेगळी माणसं उभी करतो. समुपदेशक कोणता शब्द वापरतो, यावर पुढची भेट होणार की नाही हे ठरतं.

हे मोजतात कसं, ते जवळून पाहू. रोल-प्लेमध्ये एक जण ठरलेली भूमिका करतो. समजा, ती बाई म्हणते, ‘ताई, रात्री झोपच लागत नाही, जगावंसं वाटत नाही.’ एक कार्यकर्ती म्हणते, ‘असं बोलू नये, लेकरांकडे बघा.’ दुसरी थोडं थांबते आणि विचारते, ‘जगावंसं वाटत नाही म्हणता, तेव्हा जीव द्यायचे विचार येतात का?’ पहिलीचा हेतू वाईट नसतो, आपण सगळेच असं बोलतो. पण गुणपत्रिकेवर ते वाक्य बाईचं तोंड बंद करणारं म्हणून नोंदलं जातं. रोल-प्लेचा आग्रह याचसाठी, की ही चूक खऱ्या रुग्णावर होण्याआधी दिसावी आणि सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका मिळावी.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2022मध्ये ‘इक्विप’ हे व्यासपीठ खुलं केलं, त्यात ही साधनं विनामूल्य मिळतात. त्यातल्या मोजणीला चार पायऱ्या आहेत आणि सर्वांत खालची म्हणजे नुकसान होईल असं वागणं. उपचारात ‘बोलून काही बिघडत नाही’ हा समज इथे पुसला गेला.

महाराष्ट्रात या मोजणीचं काम अजून पसरायचं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. किती जण दारापर्यंत आले, हे त्यातून कळलं. दार लागल्यावर आत काय बोललं गेलं, ते ऐकायला रेकॉर्डर लागतो, रुग्णाची परवानगी लागते, आणि आठवड्यातून तासभर ऐकत बसणाऱ्या चार ताया लागतात. त्या तासाचा मोबदला कुठल्याच मानधनाच्या तक्त्यात माझ्या पाहण्यात आलेला नाही.